पुनर्वापराचे अल्कोहोल आणि झायलीन: टिश्यू प्रोसेसरमधील या चुका टाळा

ऊर्ध्वपातनाने शुद्ध केलेले अल्कोहोल टिश्यू प्रोसेसरमध्ये, म्हणजे तपासणीच्या ऊतीतले पाणी काढून तिच्यात मेण भरणाऱ्या यंत्रात, भरले आणि ऊतीचे मेणातले ब्लॉक मऊ, पांढुरके येऊ लागले, की दोष सरसकट पुनर्वापरावर टाकला जातो. माझ्या मते बहुतेक वेळा दोष द्रावकाचा नसून ते कोणत्या टप्प्यावर भरले, याचा असतो.

इथेनॉल आणि पाणी यांचे मिश्रण वजनाने सुमारे ९५.६ टक्के इथेनॉल झाले, की ७८.२ अंश सेल्सिअसला ते एकसंधपणेच उकळते. त्यामुळे साधे ऊर्ध्वपातन कितीही वेळा केले, तरी त्यातून ॲब्सोल्यूट (निर्जल) अल्कोहोल मिळत नाही. असे अल्कोहोल प्रोसेसरमधल्या चढत्या तीव्रतेच्या पात्रांपैकी ७० ते ९५ टक्क्यांच्या पात्रांसाठी निर्धास्तपणे वापरावे. मात्र झायलीनच्या (अल्कोहोल काढून मेणाला वाट करून देणाऱ्या द्रावकाच्या) लगतचे शेवटचे पात्र ताज्या निर्जल अल्कोहोलचेच असावे. तिथे पाणी राहिले, तर झायलीन ऊतीत नीट शिरत नाही, मेणही शिरत नाही आणि मायक्रोटोमवर (ब्लॉकचे अतिपातळ काप काढणाऱ्या यंत्रावर) कापताना ऊती ब्लॉकमधून सुटून येते.

दुसरी चूक हायड्रोमीटरवर, म्हणजे घनतेवरून अल्कोहोलची तीव्रता दाखवणाऱ्या उपकरणावर, डोळे झाकून विश्वास ठेवण्याची. ऊर्ध्वपातनाच्या यंत्रातून नुकतेच निघालेले कोमट अल्कोहोल मोजले, तर त्याची घनता कमी भरते आणि तीव्रता खऱ्यापेक्षा जास्त दिसते. म्हणून द्रव हायड्रोमीटरवर लिहिलेल्या तापमानाला आणूनच नोंद घ्यावी. उलट, थोडे झायलीन मिसळलेले असल्यास तीव्रता कमी दिसते. शंका आल्यास परीक्षानळीत थोडे अल्कोहोल घेऊन पाणी घालावे: ते दुधाळ झाले, तर त्यात झायलीन असण्याची दाट शक्यता असते. पाण्याचा अंश तपासण्यासाठी निर्जल मोरचूद पुरतो, कारण पाणी लागताच पांढरी भुकटी निळी होते. आयसोप्रोपिल अल्कोहोल मात्र यांपैकी कोणत्याही चाचणीत पकडले जात नाही, आणि त्याचा उत्कलनबिंदू इथेनॉलच्या इतका जवळ आहे, की एकदा मिसळल्यावर ते वेगळे काढणे जवळजवळ अशक्य होते. टाकाऊ द्रावकांच्या कॅनवर ठळक लेबल हवे ते यासाठीच.

ऊती टिकवण्यासाठी वापरलेल्या, फॉस्फेटने बफर केलेल्या फॉर्मेलिननंतर थेट तीव्र अल्कोहोल दिल्यास फॉस्फेटचे क्षार साका धरतात आणि झडपा, नळ्या तुंबतात. झायलीन आणि त्याचे पर्यायी द्रावक एकाच कॅनमध्ये ओतू नयेत. ऊर्ध्वपातनाचे भांडे कोरडे पडेपर्यंत तापवू नये. तळाशी उरलेला मेणयुक्त गाळ घातक कचरा म्हणूनच वेगळा द्यावा.