अँटिबायोटिकआधी नमुना: कल्चर कसं द्यायचं, रिपोर्ट कसा वाचायचा

मी परळच्या एका मोठ्या इस्पितळात, जंतूंच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. पेशंटच्या नातेवाइकांना माझं कळकळीचं सांगणं एवढंच, की अँटिबायोटिकचा पहिला डोस जायच्या आत कल्चरचा, म्हणजे जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायच्या तपासणीचा, नमुना जाऊ द्या. औषध अंगात गेलं की जंतू अर्धमेले होतात, लॅबमधल्या खाद्याच्या थाळीवर, म्हणजे प्लेटवर, उगवत नाहीत, आणि डॉक्टरांना अंदाजाने भारी इंजेक्शनं चालू ठेवावी लागतात. सिस्टरना सरळ विचारा, "कल्चर पाठवलं का?" पेशंट अत्यवस्थ असेल, बीपी पडत असेल, तर मात्र नमुन्यापायी औषध अडवू नका. घरी आधीच गोळ्या घेतल्या असतील तर लपवू नका, लाल रेघेची ती रिकामी स्ट्रिपच दाखवा.

लघवीच्या नमुन्यात घोळ फार होतात. आधी जागा धुवा, पहिली धार सोडून द्या, मधली धार लॅबच्या निर्जंतुक डबीत धरा. झाकणाला आतून बोट लागता कामा नये. घरची उकळलेली बाटली नकोच. डबी दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोचायला हवी. डोंबिवलीहून गर्दीच्या लोकलने पिशवीत डबी आणायची, मग खिडकीसमोर रांग लावायची, तोवर ई. कोलाय हा लघवीत नेहमी सापडणारा जंतू उकाड्यात भराभर दुप्पट होत राहतो. त्यापेक्षा इथे येऊनच नमुना द्या. लघवीची नळी घातलेल्या पेशंटची पिशवीत साठलेली लघवी कधीच देऊ नका. सिस्टर ती नळीच्या पोर्टमधून (नमुना घ्यायच्या खास तोंडातून) सिरिंजने काढतात. रक्त दोन वेगळ्या जागांहून काढलं म्हणून रागावू नका. एकाच बाटलीत जंतू उगवला, तर तो कातडीवरचाही असू शकतो.

रिपोर्टला दोन-तीन दिवस का लागतात? दुसऱ्या दिवशी प्लेटवर, समजा, क्लेबसिएला नावाचा जंतू गुलाबी, बुळबुळीत वाढलेला दिसतो. तो नव्या प्लेटवर पसरून वर औषधांच्या छोट्या कागदी चकत्या ठेवतो. लागू पडणाऱ्या औषधाभोवती स्वच्छ गोल उमटतो, तो आम्ही मिलिमीटरमध्ये मोजतो. काही प्लेटवर एकाही चकतीभोवती गोल नसतो, जंतू थेट चकतीला भिडलेले. अशी प्लेट हातात आली की पोटात कालवतं.

रिपोर्टवर 'एस' म्हणजे औषध लागू, 'आर' म्हणजे जंतू त्याला जुमानत नाही. 'आय' म्हणजे या दोहोंच्या मधलं, त्याचा निर्णय डॉक्टरांचा. एमआयसीचा (जंतूची वाढ थांबवायला लागणाऱ्या औषधाच्या कमीत कमी प्रमाणाचा) सगळ्यात छोटा आकडा म्हणजे सगळ्यात चांगलं औषध, असं नसतं. दोन औषधांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. विचारायचं ते हे: "आता भारी औषध बंद करून साधं देता येईल का?" आणि पेशंटला ताप नाही, त्रास नाही, फक्त नळीच्या लघवीत जंतू दिसले, तर बहुतेक वेळा अँटिबायोटिक लागतच नाही, गरोदर बाई किंवा मूत्रमार्गाचं ऑपरेशन असेल तर गोष्ट वेगळी. नळी काढता येईल का, हेही रोज विचारा.

वॉर्डात हे जंतू हातांवरून एका खाटेकडून दुसरीकडे जातात. पेशंटला हात लावण्याआधी आणि नंतर हँडरब चोळा, शेजारच्या खाटेवर टेकू नका. घरी जाताना कल्चरचे सगळे रिपोर्ट फाइलला लावा. पुन्हा ॲडमिट व्हायची वेळ आली तर कॅज्युअल्टीतच ते पुढे करा, म्हणजे आधी कुठला जंतू होता हे पाहून पहिलं औषध निवडता येतं.