बंदर कसं वाढलं, हे कसं शोधावं

बंदर समजून घ्यायचं असेल तर जहाजं नंतर बघा, आधी जमीन बघा. माझी सगळी नोकरी गोव्यात, वास्कोत झाली, क्लिअरिंग एजंटच्या, म्हणजे कस्टममधून माल सोडवून देणाऱ्याच्या ऑफिसात. कॉलेजची पोरं विचारायला येतात, त्यांना मी हेच सांगतो.

सुरुवात इथल्या मुरगाव बंदरापासून करा. आत जायला पास लागतो, पण हेडलँड सड्यावरून बरंच दिसतं. पहिल्यांदा रूळ शोधा. झुआरीच्या मुखाशी जहाजांना आसरा पूर्वीपासून होताच, पण बंदर खरं उभं राहिलं ते १८८०च्या दशकात, घाट चढून कॅसलरॉककडे रेल्वे गेली तेव्हा. मग धक्क्यावर कुठला माल पडलाय, कुठली यंत्रं आहेत, ते पाहा. नदीतून बार्जेस खनिज आणायच्या; ते साठवायचं आणि जहाजात भरायचं, या कामावर हे बंदर पोसलं. म्हणूनच २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा बार्जवाले, ट्रकवाले, सगळ्यांचंच कंबरडं मोडलं.

आता कंटेनर. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत ट्रेलर उभा दिसला तर ड्रायव्हरला विचारून मागचं दार वाचा. चार अक्षरं, त्यातलं चौथं बहुतेक यू. मग सहा आकडे आणि शेवटी चौकटीत एकटा आकडा. हा शेवटचा आकडा आधीच्या अक्षरांवरून आणि अंकांवरून हिशेबाने काढलेला असतो, त्यामुळे कागदावर नंबर उतरवताना चूक झाली तर ताळा जमत नाही. खाली २२जी१ लिहिलं असेल तर डबा वीस फुटी, ४५जी१ असेल तर चाळीस फुटी आणि जास्त उंचीचा. वाचून झालं की कुठं चाललाय ते विचारा. न्हावा शेवा, म्हणजे मुंबईजवळ उरणचं बंदर, हे उत्तर हमखास ऐकायला मिळेल.

मुरगाव हाकेच्या अंतरावर असताना इतक्या लांब का? जिथं जहाजं जास्त लागतात तिथं माल जातो, आणि माल जातो म्हणून आणखी जहाजं लागतात. याची सुरुवात मात्र जागेपासून झाली. मुंबई बंदराला जमिनीच्या बाजूने शहराने वेढलेलं, डबे रचायला मैदान कुठून आणणार? म्हणून खाडीपलीकडे न्हावा शेव्याला नवं बंदर बांधलं, ते १९८९ मध्ये सुरू झालं. १९९९ मध्ये तिथं देशातलं पहिलं खासगी कंटेनर टर्मिनल आलं, नंतर २००६ आणि २०१८ मध्ये आणखी भर पडली. २०२२-२३ मध्ये वीस फुटी मापाने ६० लाखांहून जास्त डबे तिथून हलले.

मैदान मोकळं होतं असं मात्र लिहू नका. तिथं मिठागरं होती, शेती होती, कोळीवाडे होते. नवी मुंबईच्या भूसंपादनाविरुद्ध जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरणचे शेतकरी उतरले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. बंदरासाठी उठवलेल्या शेवा कोळीवाड्याच्या लोकांना पुनर्वसनासाठी पुढे कित्येक दशकं भांडावं लागलं. उरणला जाल तेव्हा बंदराआधीचा नकाशा बरोबर न्या, त्यावर शेवा गाव शोधा आणि तिथून उठवलेले लोक जिथं वसवले त्या हनुमान कोळीवाड्यातल्या जुन्या माणसांशी बोला. टर्मिनलचे आकडे नंतरही मिळतात.