क्रिएटिन उकाड्यानं नाही, ओलीनं जातं : या चुका टाळा

जून लागला की आमच्या जिममध्ये कुणीतरी क्रिएटिनचा, म्हणजे ताकद आणि स्नायू वाढवायला व्यायाम करणारे पाण्यातून घेतात त्या पावडरचा, डबा घेऊन येतं, झाकण उघडून माझ्यासमोर धरतं आणि विचारतं, "दादा, हे खराब झालं का?" आत पावडरच्या जागी ढेप असते. ठाण्याच्या नौपाड्यात चौदा वर्षं ट्रेनर म्हणून काम करतोय आणि ही ढेप दरवर्षी बघतोय. डबा नवा, पोरगं नवं, चूक तीच.

क्रिएटिन मोनोहायड्रेट, म्हणजे क्रिएटिनचा नेहमीचा साधा प्रकार, कोरडं असेल तर 40 अंशांतही वर्षानुवर्षं टिकतं. ठाण्याचा मे महिना त्याचं काहीही वाकडं करत नाही. त्याचं वाकडं आहे ते पाण्याशी. पाण्यात मिसळलं की त्याचं हळूहळू क्रिएटिनिन नावाच्या टाकाऊ पदार्थात रूपांतर व्हायला लागतं आणि त्याचा स्नायूंना काही उपयोग नाही. लोक मात्र उकाड्याला घाबरून डबा जपतात आणि पावडर काढतात ओल्या हातानं.

फ्रिजमध्ये ठेवू नका

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. घोडबंदर रोडला राहणारा एकवीस-बावीस वर्षांचा एक मुलगा आमच्याकडे यायचा. शिकता शिकता संध्याकाळी नोकरी करायचा. त्यातून पैसे साठवून त्यानं मे महिन्यात एक किलोचा डबा घेतला. डब्यावर 'थंड व कोरड्या जागी ठेवा' असं छापलेलं होतं. त्यानं 'थंड' तेवढं मनावर घेतलं आणि डबा फ्रिजमध्ये, दह्याच्या भांड्याशेजारी ठेवला. रोज सकाळी सहाला डबा ओट्यावर यायचा, झाकण निघायचं, मग शेकरची शोधाशोध, मग पाणी भरणं, मग पावडर, आणि पाच मिनिटांनी डबा परत फ्रिजमध्ये.

फ्रिजमधली पाण्याची बाटली पावसाळ्यात ओट्यावर ठेवून बघा. दोन मिनिटांत तिला घाम फुटतो आणि खाली पाण्याचं कडं उमटतं. उघड्या थंड डब्यात तेच पाणी आतून जमतं, पावडरवर बसतं. एका दिवसाचं दिसत नाही, चाळीस दिवसांचं दिसतं.

जुलैमध्ये त्यानं तो डबा माझ्या टेबलावर उलटा केला. कणही पडला नाही. बाहेरून चमच्यानं ठोकलं तर भिंतीवर ठोकल्यासारखा आवाज. मधोमध त्यानं स्कूपनं उकरून विहीर केली होती. तिच्या तळाला राखाडी ओलसर पट्टा होता आणि नाक जवळ नेलं तर न वाळलेल्या टॉवेलचा कुबट वास. अर्ध्याहून जास्त डबा कचऱ्यात गेला. त्याचा चेहरा अजून आठवतो, म्हणून हे इतकं लांबण लावून सांगतोय.

गुठळी दिसली की लगेच डबा फेकायचा, असंही नाही. गुठळ्या सुक्या असतील, बोटांनी फुटत असतील, रंग पांढरा असेल आणि वास नसेल, तर पावडर चांगली आहे, खुशाल वापरा. ओलसर लागते, पिवळट-राखाडी झालीये, ठिपके आलेत किंवा वास येतोय, तर टाकून द्या. अशी ढेप मिक्सरला लावून पुन्हा भुकटी करणारे मी पाहिलेत. भुकटी होते, पण बुरशी सगळ्या डब्यात पसरते. गच्चीत पापडासारखी वाळत घालायचा उद्योगही करू नका.

माझी पद्धत साधी आहे. पावसाच्या तोंडावर मी कधीच मोठा डबा घेत नाही. 250 ग्रॅमचा पुरतो, रोज 5 ग्रॅम म्हटलं तरी पन्नास दिवस. त्यातली आठवड्यापुरती, म्हणजे 35 ग्रॅम, घट्ट झाकणाच्या छोट्या काचेच्या बरणीत काढतो आणि मूळ डबा बेडरूमच्या कपाटात, कपड्यांच्या वरच्या फळीवर ठेवतो. आठवड्यातून एकदाच तो उघडतो. स्वयंपाकघरात कुकर आणि भाताची वाफ असते, तिथे बरणीसुद्धा ठेवत नाही. ओल ओढणारी सिलिका जेलची पुडी डब्यातच राहू द्या. पोरं ती पहिल्याच दिवशी फेकतात, मग जुलैत माझ्याकडे मागायला येतात. आई मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकते म्हणून इथेही टाकणारे आहेत. तांदूळ फारशी ओल ओढत नाही, उलट त्याचा भुगा आणि पोरकिडे पावडरमध्ये येतात.

स्कूप धुऊन ओलाच परत डब्यात टाकणं हे फ्रिजचंच धाकटं भावंड. कोरड्या फडक्यानं पुसला तरी पुरतं. सादळलेली पावडर स्कूपमध्ये कधी पोकळ भरते, कधी दाबून बसते, म्हणून मापाचा भरवसा नाही. 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा घ्या. मी त्यावरच मोजतो.

सकाळी कालवून संध्याकाळी पिऊ नका

कळव्याहून एक जण येतो, ऐरोलीच्या आयटी पार्कात कामाला आहे. सकाळी सातला घरी लिंबू-साखर-मीठ घालून पाणी करायचा, त्यातच क्रिएटिन ढवळायचा आणि बाटली सॅकमध्ये टाकून लोकल पकडायचा. रात्री आठला जिममध्ये येऊन प्यायचा. दोन महिन्यांनी म्हणाला, "दादा, माझ्यावर काहीच असर नाही." मी म्हटलं, "उद्या पिऊन झालं की बाटली मला दाखव."

दुसऱ्या दिवशी बाटली उजेडात धरली. तळाला बोटभर पांढरा थर. रोज तो तो थर बेसिनमध्ये विसळून टाकत होता. घरून निघताना गार पाणी भरायचा आणि गार पाण्यात क्रिएटिन नीट विरघळत नाही. 20 अंशांच्या एक लिटर पाण्यात जेमतेम 14 ग्रॅम विरघळतं, 4 अंशांच्या पाण्यात फक्त 6 ग्रॅम. म्हणजे फ्रिजच्या पाण्यात 5 ग्रॅम विरघळवायला पाऊण लिटरहून जास्त पाणी लागेल. त्याची बाटली अर्ध्या लिटरची.

वर लिंबू. आंबट पाण्यात क्रिएटिन लवकर तुटतं. 25 अंशांना, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) 3.5 असलेल्या द्रावणात तीन दिवसांत साधारण पाचवा हिस्सा जातो. लिंबूपाणी त्याहूनही आंबट असतं आणि दिवसभर सॅकमध्ये ते 25 अंशांवर थोडंच राहतं? एका दिवसात सगळं नासत नाही हे खरं. पण ज्याला मसल हवंय त्यानं रोज थोडं थोडं का घालवायचं? वर साखरेचं पाणी तेरा तास उकाड्यात राहिलं की पोट बिघडतं ते वेगळंच.

आता तो कोरडी पावडर छोट्या डबीत आणतो, जिममध्ये कोमट पाण्यात ढवळतो, लगेच पितो, थोडं पाणी घालून तळ खंगाळून तेही पितो. लिंबूपाण्यात घ्यायचं असेल तर घ्या, पण कालवलं की प्या. चहातही चालतं, फक्त कप ठेवून गप्पा मारत बसू नका.

बाकीच्या चुका

पावडर स्कूटरच्या डिकीत ठेवणं: उन्हाचं सोडा, पहिल्याच पावसात डिकीत पाणी शिरतं.

बाथरूमच्या शेल्फवर ठेवणं: नको.

पाण्याशिवाय कोरडी पावडर तोंडात टाकणं: श्वासनलिकेत गेली तर जीव गुदमरतो. व्हिडिओ बघून माझ्या जिममध्ये कुणी हे केलं तर मी त्याला तिथेच थांबवतो.

'नवीन प्रकार' म्हणून क्रिएटिनचं महागडं इथिल एस्टर घेणं: ते शरीरात आणखी लवकर क्रिएटिनिन होतं. साधं, बिनस्वादाचं मोनोहायड्रेट घ्या आणि डब्यावर एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 आकडी परवाना क्रमांक बघा. फ्लेवरवालं आणि प्री-वर्कआउट (व्यायामाआधी घ्यायचं मिश्रण) आपल्या हवेत जास्त लवकर सादळतं.

श्रावणात बंद करणं: गरज नाही. पावडर कारखान्यात रसायनांपासून बनते, मटणापासून नाही. उलट शाकाहारी माणसाच्या स्नायूंत साठा कमी असतो, त्याला फरक जास्त जाणवतो.

लोडिंगची, म्हणजे सुरुवातीला जास्त घेऊन स्नायूंतला साठा लवकर भरण्याची, घाई: याचा मला फार राग येतो. दिवसाला 20 ग्रॅम, चार भागांत, पाच ते सात दिवस, अशी पद्धत आहे आणि ती खोटी नाही. पण आमची पोरं चार भाग विसरून 20 ग्रॅम एकदम घेतात आणि दिवसभर संडासात काढतात. रोज 3 ग्रॅम घेतलं तरी साधारण चार आठवड्यांत स्नायू तितकेच भरतात. ज्याला चार आठवडे थांबवत नाही, त्याला मी स्क्वॉटसुद्धा शिकवू शकत नाही. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पटही घेऊ नका.

पहिल्या एक-दोन आठवड्यांत वजन किलो-दीड किलो वाढेल. ते स्नायूंत ओढलं गेलेलं पाणी आहे, चरबी नाही. क्रिएटिननं अंगातलं पाणी आटतं हे खरं नाही, पण ऑक्टोबरच्या उन्हात येऊरच्या डोंगराचा चढ धावणार असाल तर पाणी तसंही वाढवायलाच हवं.

शेवटचं रक्ततपासणीचं. किडनी नीट चालते का हे बघायला रक्तातलं क्रिएटिनिन मोजतात, आणि क्रिएटिन घेणाऱ्याच्या रिपोर्टात ते थोडं वर दिसू शकतं. गेल्या वर्षी एका मुलाचे वडील तो कागद हातात घेऊन थेट जिममध्ये आले, डोळ्यांत पाणी. मुलानं डॉक्टरांना क्रिएटिनचं सांगितलंच नव्हतं. सांगितल्यावर डॉक्टरांनी सिस्टॅटिन सी ही किडनीची दुसरी तपासणी करून घेतली, किडनी व्यवस्थित निघाली. तेव्हा रक्त देण्याआधीच डॉक्टरांना सांगा की मी क्रिएटिन घेतो, रोज इतके ग्रॅम, इतक्या महिन्यांपासून. किडनीचा त्रास आधीपासून असेल किंवा वय अठराच्या आत असेल, तर डबा विकत घेण्याआधी डॉक्टरांकडे जा. माझ्याकडे नंतर या.