चिकाटी आहे, मग अंग का भरत नाही? व्यायामशाळेतल्या या चुका टाळा

लालबाग-परळच्या कुठल्याही व्यायामशाळेत असा एक सभासद असतोच. पाऊस असो, लोकल रखडलेली असो, संध्याकाळी सातला गडी हजर. त्याला आळशी म्हणायची कोणाची हिंमत नाही. पण शर्टाची बाही दंडावर पहिल्या वर्षी जेवढी घट्ट होती, तेवढीच चौथ्या वर्षीही. त्याला ‘अजून चिकाटी ठेव’ असं सांगून काय उपयोग? त्याच्याकडे चिकाटी भरपूर आहे, ती सगळी हजेरीत खर्च होते.

वजनांची नोंदच नाही

मागच्या सोमवारी बेंचवर झोपून किती किलो मारलेस, रेप्स किती निघाले, म्हणजे ते सलग किती वेळा उचललंस, असं विचारून बघा. बहुतेक वेळा ‘नेहमीचंच’ असं उत्तर येतं. गोम तिथेच आहे. त्याच वजनाला शरीर कधीच सरावलेलं असतं, स्नायूने वाढावं असं नवं काही त्याच्यासमोर येतच नाही. सुरुवातीच्या दोन महिन्यांत ताकद भराभर वाढते, त्यात मोठा वाटा मज्जासंस्थेच्या सरावाचा असतो. तो सराव झाला की खरी हळू वाढ सुरू होते, आणि नेमकी तेव्हाच माणसं वजन वाढवायचं सोडून देतात.

उपाय साधा आहे. दर वेळी वजन आणि रेप्स वहीत लिहा. समजा ४० किलोने ३ सेट, म्हणजे रेप्सच्या ३ फेऱ्या मारताय. प्रत्येक सेटमध्ये ८ ते १२ रेप्स हे लक्ष्य धरा. तिन्ही सेटमध्ये स्वच्छ १२ निघाले की पुढच्या वेळी अडीच किलो वाढवा. रेप्स पुन्हा आठ-नऊवर घसरतील, घसरू द्या, पुन्हा बारापर्यंत चढा. अडचण इतकीच, की जुन्या व्यायामशाळांत सव्वा किलोच्या प्लेट्स शोधूनही सापडत नाहीत. मग पोरं दोन्ही बाजूंना अडीच-अडीच चढवून थेट पाच किलोची उडी घेतात, कंबर बेंचवरून उचलतात आणि मागचा मित्र ‘सगळं तुझंच, सगळं तुझंच’ ओरडत निम्मं वजन स्वतः उचलतो. ते रेप्स वहीत लिहू नका. सव्वा किलोची एक जोडी विकत घ्या आणि बॅगेत ठेवा. व्हे प्रोटीन पावडरच्या नव्या डब्याइतकी ती नक्कीच महाग नाही.

सेट किती? एका स्नायूगटाला आठवड्यात साधारण १० ते २० कठीण सेट पुरतात, नवख्याला त्याहून कमीही. कठीण म्हणजे सेट संपताना अजून फार तर दोन-तीन रेप्स निघाले असते इतपत. सोमवारी बेंचपुढे रांग आणि स्क्वॉट रॅकवर वाळत घातलेले टॉवेल, हे दृश्य काही मुंबईला नवं नाही. मांड्या-पोटऱ्यांचे सेट मोजलेत तर बऱ्याच जणांच्या वहीत भोपळा निघेल.

दर दीड महिन्याला नवं ध्येय

‘मुंबई श्री’ शरीरसौष्ठव स्पर्धेचे बॅनर लागले की कटिंग, म्हणजे चरबी उतरवणं सुरू. पाऊस पडला की बल्किंग, म्हणजे जास्त खाऊन अंग भरणं. मध्ये कोणाच्या लग्नात फोटो चांगले यायला हवेत म्हणून पुन्हा कटिंग. असं केल्यावर दोन्हींतलं काहीच पदरात पडत नाही. नवख्याला सगळं जमून आलं तरी पहिल्या वर्षी महिन्याला अर्धा ते एक किलो स्नायू, एवढाच अंदाज धरावा. पुढे तोही वेग मंदावतो. चरबी उतरवताना आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का, म्हणजे ७० किलोच्या माणसाने ३५० ते ७०० ग्रॅम. यापेक्षा घाई केली की स्नायूही उतरायला लागतात. एकदा दिशा ठरली की निदान चार-सहा महिने ती बदलू नका.

आणि ध्येय आपल्या चणीला धरून हवं. खांद्याची हाडं किती रुंद, पोटऱ्यांचा स्नायू किती खालपर्यंत येतो, पोटावरचे सिक्स पॅक सरळ रेषेत की वाकडे, हे जन्मतः ठरलेलं असतं. कितीही क्रंचेस मारले तरी त्यांची मांडणी बदलत नाही. बंगालचे शरीरसौष्ठवपटू मनोहर ऐच यांची उंची ४ फूट ११ इंच. १९५१ मध्ये लंडनला किताब हुकला, तर तिथेच राहून रेल्वेत नोकरी करत व्यायाम चालू ठेवला आणि १९५२ मध्ये आपल्या उंचीच्या गटात मिस्टर युनिव्हर्स झाले. वय तेव्हा चाळिशीच्या आसपास. उंच माणसासारखं दिसण्याच्या मागे ते लागले नाहीत, मिळालेल्या चणीत जे जमण्यासारखं होतं ते केलं.

डबा मोजलेलाच नाही

‘मी भरपूर खातो’ याचा अर्थ बऱ्याचदा स्टेशनबाहेरचे दोन वडापाव आणि रात्री भात असा निघतो. पोट भरतं, प्रथिनं मात्र तोकडीच राहतात. शरीराच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं धरा. ६५ किलोच्या मुलाला १०४ ग्रॅम झाले. घरातच जुळवू: चार अंडी २४, सुकी सोया वडी ५० ग्रॅम म्हणजे २६, दोन पेले दूध १३, दोन वाट्या घट्ट वरण १२, चार चपात्या १२. झाले ८७. उरलेले सतरा-अठरा रात्रीच्या बांगड्याच्या १०० ग्रॅममध्ये किंवा तेवढ्याच पनीरमध्ये मिळतात. श्रावणात मासे-अंडी बंद असतील तर सोया, पनीर, दही आणि कडधान्यं वाढवा, महिनाभर हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. पावडर ही सोय आहे, सक्ती नाही. घेतलीत तर पक्क्या बिलाने घ्या आणि डब्यावरचा १४ आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवाना) क्रमांक तपासा.

बदलापूर-विरारचं वेळापत्रक विसरलात

आठवड्यात सहा दिवस दीड-दीड तास असं वेळापत्रक बहुधा असा माणूस लिहितो ज्याला लोकलमध्ये रोज तीन तास उभं राहावं लागत नाही. ते तीन आठवडे टिकतं आणि मोडलं की माणूस सगळंच सोडतो. कल्याण-विरारच्या पलीकडून येणाऱ्याने तीन दिवस पूर्ण शरीराचा व्यायाम ठरवावा. स्क्वॉट किंवा डेडलिफ्ट, एक प्रेस (वजन ढकलण्याचा प्रकार), एक रोइंग (वजन ओढण्याचा प्रकार), पाऊण तासात व्यायाम संपवून घरी. वाचलेला वेळ झोपेला द्या, सात तास तरी.

गणपतीत दहा दिवस खंड पडला तर स्नायू वितळत नाहीत. अंग उतरल्यासारखं वाटतं, कारण स्नायूंतला साखरेचा साठा आणि त्यासोबतचं पाणी कमी होतं. परतल्यावर पहिला आठवडा वजनं पाऊणपटीवर ठेवा आणि दुसऱ्या आठवड्यात जुन्या आकड्यावर या. धावपळीच्या महिन्यात बारवरचं वजन तेच ठेवून सेट निम्मे केले तरी कमावलेलं टिकतं.

काटा आणि घाम

रेनकोट घालून ट्रेडमिलवर धावू नका. मुंबईच्या दमट हवेत घाम आधीच वाळत नाही, त्यात उष्माघाताचा धोका. उतरलेला किलो पाण्याचा असतो, ताकासोबत परत येतो. वजन एका दिवसात किलो-दीड किलो सहज हलतं, म्हणून रोज सकाळी मोजून आठवड्याची सरासरी बघा. सोबत दंडाचं आणि कंबरेचं माप, महिन्याला एक फोटो, त्याच खिडकीजवळ, पंप नसताना, म्हणजे व्यायामाने स्नायू तात्पुरते फुगलेले नसताना.

‘भाऊ, एक सायकल मार’

हे वाक्य लॉकररूममध्ये कधीतरी कानावर पडतंच. सायकल म्हणजे स्टेरॉइड्सचा काही आठवड्यांचा कोर्स. स्टेरॉइड्सने स्नायू वाढतात, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण बाहेरून हार्मोन आलं की शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं थांबवतं, चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं, हृदयावर ताण येतो, गोळ्यांनी यकृत बिघडू शकतं. वरून ती बाटली कुठे भरली गेली हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. ज्यांनी आधीच घेतलंय त्यांनी ‘अंग उतरेल’ या भीतीने दुसरी सायकल सुरू करण्याआधी एंडोक्रायनॉलॉजिस्टला (हार्मोनच्या डॉक्टरला) गाठावं, काय घेतलं ते न लपवता सांगावं आणि लिपिड (रक्तातली चरबी), यकृत व हार्मोनच्या तपासण्या करून घ्याव्यात.