साइटवर जाण्याआधी: उशीर आणि वाढीव खर्च मोजायची तयारी

बांधकाम व्यवस्थापनात संशोधन करायचं ठरलं की बहुतेक जण आधी प्रश्नावली बनवायला बसतात. ती शेवटी करा. आधी आपला प्रश्न एका वाक्यात लिहून काढा. ‘प्रकल्प का रखडतात’ हा झाला विषय. ‘पायाचं काम चालू असताना ड्रॉइंग बदललं की पहिल्या स्लॅबला किती दिवस उशीर होतो’ हा प्रश्न, कारण त्याचं उत्तर कागदांत शोधता येतं.

मग मोजायचं कुठून ते ठरवा. इथे घाई करू नका, निम्मे प्रबंध इथेच लंगडे पडतात असं माझं मत आहे. मंजुरीच्या वेळचा अंदाज १०० धरा, टेंडर १२० ला गेलं, अंतिम बिल १३२ झालं. मंजुरीपासून मोजलं तर वाढ ३२ टक्के, टेंडरपासून मोजलं तर १०. दोन्ही आकडे खरेच. बेंट फ्लुब्यर्ग हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली २५८ वाहतूक प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दहापैकी नऊ प्रकल्पांचा खर्च अंदाजापेक्षा जास्त निघाला. पण त्यांनी बांधायचा निर्णय झाला तेव्हाचा अंदाज धरला होता आणि महागाई वगळली होती. तुमचे आकडे टेंडरपासूनचे असतील तर ते त्यांच्या शेजारी मांडू नका. महागाई काढायला बांधकाम खर्चाचाच निर्देशांक शोधा; ग्राहक किमतींच्या निर्देशांकात सळया आणि काँक्रीट नसतं.

परवानगी लेखी घ्या, मालकाची आणि कंत्राटदाराची वेगवेगळी. नावं कशी झाकणार तेही त्यातच लिहा. मजुरांशी बोलायचं असेल तर मुकादम शेजारी उभा नसेल अशी वेळ मागून घ्या.

आता कागद. मूळ वेळापत्रक आणि त्याची प्रत्येक सुधारित प्रत, ड्रॉइंग कोणत्या तारखेला साइटवर पोचलं त्याचं रजिस्टर, मुदतवाढीची पत्रं, जादा कामांची बिलं. आणि सगळ्यांत आधी साइट डायरी, म्हणजे साइटवरची रोजची नोंदवही. एका कामावर इंजिनिअर मला सांगत होते, ‘उशीर झाला तो माणसं नव्हती म्हणून.’ त्याच आठवड्याचं डायरीचं पान उघडलं, तर पेन्सिलीनं लिहिलं होतं: ‘पंप बंद ११ ते ३, १४ माणसं बसून.’ इंजिनिअर खोटं बोलत नव्हते. आठ महिन्यांनी माणसाला एवढंच आठवतं. त्या दिवसापासून मुलाखतीला जाताना डायरीच्या पानाची प्रत मी सोबत नेतो आणि त्या तारखेवर बोट ठेवून विचारतो.

एवढं झाल्यावर प्रश्नावली. प्रत्येक कारणाला एक ते पाच गुण द्यायला सांगून सरासरी काढली की कारणांची क्रमवारी लागते, पण त्यातून लोकांना काय वाटतं ते कळतं, किती दिवस गेले ते कळत नाही. मालक आणि कंत्राटदार यांची उत्तरं एकत्र मिसळू नका. दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात आणि सरासरीत ते भांडणच नाहीसं होतं, जे खरं तर अभ्यासायचं असतं. आधी चार-पाच जणांकडून भरून घ्या आणि ते कुठे अडखळतात ते शेजारी बसून बघा.

हेल्मेट, बूट आपले न्या. स्लॅब भरायच्या दिवशी कुणाला प्रश्न विचारायला जाऊ नका. त्या दिवशी नुसतं बघा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन जा.