लॅपटॉपवरचा चित्रपट घरातल्या टीव्हीवर कसा लावायचा

चौदा इंची पडद्यासमोर चार माणसं नीट बसूच शकत नाहीत. कडेच्या दोघांना माना वाकड्या कराव्या लागतात आणि आवाज पंख्याच्या घरघरीत हरवतो. इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी दर रविवारी हेच व्हायचं. लॅपटॉप टीव्हीला जोडणं दहा मिनिटांचं काम आहे, आणि घरात वयस्कर माणसं असतील तर ते शिकून घ्याच.

आधी दोन्ही यंत्रांचे पोर्ट, म्हणजे केबल घालायच्या खाचा, बघा. टीव्हीच्या मागे किंवा बाजूला एक चपटी, खालच्या बाजूला निमुळती होत गेलेली खाच असते, तिच्यावर एचडीएमआय लिहिलेलं असतं. चित्र आणि आवाज दोन्ही या एकाच केबलमधून जातात. लॅपटॉपलाही तशीच खाच असेल तर साधी एचडीएमआय केबल आणा, प्रश्न मिटला.

खरी अडचण येते ती सडपातळ लॅपटॉपला. त्याला फक्त टाइप-सी पोर्ट असतो, आणि प्रत्येक टाइप-सीतून चित्र बाहेर पडतंच असं नाही; काही पोर्ट नुसते चार्जिंग आणि फाइलींसाठी असतात. पोर्टशेजारी थंडरबोल्टची छोटी वीज किंवा डिस्प्लेपोर्टचं चिन्ह असेल तर निर्धास्त राहा; या दोन्ही जोडण्या चित्र बाहेर नेतात. नसेल तर टाइप-सीला एचडीएमआय केबल जोडून देणाऱ्या अडॅप्टरवर पैसे घालण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर आपलं मॉडेल तपासा. जुन्या लॅपटॉपला पंधरा पिनांचा, बहुधा निळा व्हीजीए पोर्ट असतो. त्यातून आवाज जात नाही, म्हणून आवाजाची वेगळी वायर असलेला कन्व्हर्टर लागतो. दुकानात ‘व्हीजीए टू एचडीएमआय’ असंच स्पष्ट सांगा. ‘एचडीएमआय टू व्हीजीए’ दिसायला तसाच असतो, पण उलट्या दिशेने चालत नाही. जेल रोडवर खरेदीला जाताना मी लॅपटॉप सोबत नेतो आणि तिथेच लावून बघतो.

केबल किती लांब हवी, ते घरी सुतळीने मोजून जा. दोन-तीन मीटर बहुतेक घरांत पुरतात. फार लांब, स्वस्त केबलवर चित्र मधूनमधून जातं. टीव्ही फोर-के असेल तर ‘प्रीमियम हाय स्पीड’ लिहिलेली घ्या.

आता जोडणी. केबल दोन्हीकडे पूर्ण आत बसवा आणि टीव्हीवर ती कितव्या नंबरात घातली ते लक्षात ठेवा. रिमोटवरचं ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ दाबून तोच नंबर निवडा. मग लॅपटॉपवर विंडोजचं बटण दाबून धरा आणि ‘पी’ दाबा. चार पर्याय येतात. ‘डुप्लिकेट’मध्ये दोन्हीकडे एकच चित्र दिसतं, पण चित्रपटासाठी मी ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ निवडतो: टीव्हीला त्याच्या मापाचं चित्र मिळतं आणि लॅपटॉपचा उजेड डोळ्यांवर येत नाही. मॅकवर चित्र बहुधा आपोआप येतं. बाकीचं सेटिंगमधल्या ‘डिस्प्लेज’मध्ये.

पहिल्यांदा लावलं तेव्हा चित्र लख्ख आलं आणि आई म्हणाली, “अरे, ही माणसं नुसते ओठ हलवतायत, बोलत का नाहीत?” आवाज लॅपटॉपमधूनच येत होता, अगदी बारीक. उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून यादीतून टीव्हीचं नाव निवडलं आणि खोली भरून आवाज आला. ही पायरी हमखास राहून जाते.

चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर टीव्हीच्या ‘पिक्चर साइज’मध्ये ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ शोधा. जुन्या चित्रपटांबद्दल मात्र माझा आग्रह आहे. प्रभातच्या काळातले चित्रपट जवळजवळ चौकोनी, साधारण ४:३ (रुंदी:उंची) चौकटीचे आहेत आणि आपला टीव्ही १६:९. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या की लोक ‘फुल’ करून चित्र ताणतात, आणि माणसं एक तृतीयांशाने रुंद होतात. चेहरे सुजल्यासारखे दिसतात, छायालेखकाने जपून बांधलेली चौकट मोडते. पट्ट्या राहू द्या. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये चित्र ताणलेलं असेल तर ‘ए’ दाबत गेलं की प्रमाण बदलतं. सबटायटल पुढे-मागे होत असतील तर त्याच प्लेयरमध्ये ‘जी’ आणि ‘एच’ दाबून जुळवा.

स्वतःची फाइल चालते, पण ओटीटीवरचा चित्रपट काळा दिसतो? बहुतेक वेळा अडॅप्टर किंवा कन्व्हर्टरला एचडीसीपी हे कॉपी-संरक्षण चालत नसतं. तो बदलूनच उपाय होतो.

केबलशिवायही जमतं. टीव्हीत ‘स्क्रीन मिररिंग’ सुरू करा, लॅपटॉपवर विंडोज आणि ‘के’ दाबा, यादीतून टीव्ही निवडा. फोटो दाखवायला हे छान आहे, पण अडीच तासांच्या चित्रपटाला मी केबलच लावतो. वाय-फाय डळमळलं की नेमक्या प्रसंगात चित्र अडकतं.

सुरू करण्याआधी चार्जर लावा आणि लॅपटॉपचं झाकण उघडंच ठेवा, नाहीतर तो झोपी जातो. केबल चालण्याच्या वाटेतून नेऊ नका. भिंतीच्या कडेने न्या आणि चिकटपट्टीने दोन-तीन ठिकाणी बसवा. मध्यंतरात अंधारात पाणी प्यायला उठणारी बहुधा आजीच असते.