लॅपटॉप चालू होईना? फॉरमॅट मारण्याआधी एवढं करून बघा

मार्चअखेरीची गोष्ट. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखानदारांचा सकाळी सकाळी फोन आला. "विंडोजचं चिन्ह येतंय, खाली गोल फिरतंय आणि निळी स्क्रीन येऊन परत बंद पडतंय. दुकानात म्हणाले फॉरमॅट मारावं लागेल. आत सगळी टॅली आहे हो!" लॅपटॉपची बॅटरी वर्षभरापूर्वीच मेली होती, त्यामुळे तो कायम चार्जरवरच चालायचा. आदल्या रात्री अपडेट चालू असताना लाईट गेली. विंडोजच्या फाइली अर्ध्या लिहिल्या गेल्या नि तशाच राहिल्या.

फॉरमॅटने लॅपटॉप चालू होतो, हे खरं. पण फॉरमॅट मारलं की आतलं पुसलं जातं, आणि तेवढी वेळ फार क्वचित येते. म्हणून आधी डेटा बाहेर काढा, मग दुरुस्ती करा.

सुरुवातीला बिघाड कुठला ते ओळखा. बटण दाबल्यावर दिवाही लागत नसेल, तर चार्जर किंवा बोर्ड बघावा लागेल. "बूट डिव्हाइस नाही" असा संदेश येत असेल, तर लॅपटॉपला डिस्कच सापडत नाही. हार्डडिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर लॅपटॉप लगेच बंद करा आणि डेटा परत मिळवून देणाऱ्याकडेच न्या. चिन्ह दिसतं, चक्र फिरतं आणि पुढे गाडी अडते, असं असेल तर बहुतेक सिस्टीम फाइलींचा घोळ असतो. पुढची कृती त्यासाठी, विंडोज १० आणि ११ दोन्हींना चालणारी.

माउस, प्रिंटर, पेनड्राइव्ह, जे जोडलंय ते काढा. चार्जर लावा, बॅटरी गेलेली असेल तर इन्व्हर्टरवरच्या प्लगला लावा, दुरुस्तीच्या मध्येच पुन्हा लाईट जायला नको. लॅपटॉप चालू करा, चिन्ह दिसताच पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे बंद पडेल. असं दोन-तीनदा केलं की विंडोज आपण होऊन दुरुस्तीचा निळा पडदा दाखवतं. त्यात 'ट्रबलशूट' आणि मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडा.

इथे काही लॅपटॉप ४८ आकडी बिटलॉकर की, म्हणजे डिस्कच्या कुलपाची किल्ली, मागतात. घाबरू नका. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला होता, त्याच खात्यात मोबाइलवरून लॉगिन करा, बहुतेक वेळा ती की तिथेच जपून ठेवलेली असते. ती न शोधता रीसेट करू नका.

आता डेटा. याला घाई नको. 'कमांड प्रॉम्प्ट' निवडा, काळी खिडकी उघडेल. त्यात इंग्रजी अक्षरांत नोटपॅड असं टाईप करून एंटर दाबा. साधं नोटपॅड उघडेल. त्याच्या 'फाइल' मेनूतून 'ओपन'वर जा आणि खालच्या कोपऱ्यात 'टेक्स्ट डॉक्युमेंट्स' असेल तिथे 'ऑल फाइल्स' करा. विंडोज बंद असलं, तरी या छोट्या खिडकीतून अख्खी डिस्क दिसते! पेनड्राइव्ह लावा, हवं ते फोल्डर राइट क्लिकने कॉपी करा आणि पेनड्राइव्हमध्ये पेस्ट करा. कॉपी होताना हिरवी पट्टी दिसत नाही, खिडकी अडकल्यासारखी वाटते. थांबा, बंद करू नका. नंतर पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून दोन-चार फाइली उघडून बघा.

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि फोटो सगळ्यांना आठवतात. टॅली मात्र विसरते. तिच्या 'डेटा' फोल्डरात कंपनीचं नाव दिसत नाही, नुसत्या आकड्यांची फोल्डरं असतात. ती सगळी घ्या. कारखानदारांच्या डेटात अशी तीन फोल्डरं होती. पेनड्राइव्हमधून ती दुसऱ्या कॉम्प्युटरवरच्या टॅलीत उघडली आणि वर्षभराची बिलं समोर दिसली, तेव्हा कुठे त्यांनी पाणी मागितलं.

याच खिडकीत आणखी एक गोष्ट टिपून घ्या. 'विंडोज' आणि 'युजर्स' ही फोल्डरं कुठल्या ड्राइव्हमध्ये आहेत? दुरुस्तीच्या पडद्यात सी ड्राइव्हचं नाव कधीकधी डी होतं. पुढच्या आज्ञांमध्ये सी लिहिलंय तिथे तुमचं खरं अक्षर घाला.

मग परत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये या. आधी 'स्टार्टअप रिपेअर'. जमलं तर उत्तम. अपडेटनंतर बिघडलं असेल तर 'अनइन्स्टॉल अपडेट्स' वापरून शेवटचं अपडेट काढा. 'सिस्टीम रिस्टोअर'मध्ये जुनी तारीख दिसली तर तीही घ्या. त्याने तुमच्या फाइलींना धक्का लागत नाही, मधल्या काळात टाकलेली सॉफ्टवेअर मात्र जातात.

तरीही अडलं तर परत काळी खिडकी. आज्ञा इंग्रजी अक्षरांतच टाईप करायच्या, इथे उच्चाराप्रमाणे देतोय. पहिली आज्ञा डिस्क तपासते:

सी-एच-के-डी-एस-के सी: /एफ

दुसरी आज्ञा खराब सिस्टीम फाइली शोधून त्या जागी चांगल्या बसवते:

एस-एफ-सी /स्कॅननाऊ /ऑफबूटडिर=सी:\ /ऑफविनडिर=सी:\विंडोज

प्रत्येक '/' या तिरप्या रेघेआधी एक जागा सोडा, रेघेनंतर सोडू नका. उलट्या '\' रेघेच्या आधी मात्र जागा नको. 'स्कॅननाऊ' एकच शब्द, त्यात एन दोनदा. 'ऑफ'मध्ये एफ दोनदा. बरेच जण पहिल्या भागावरच थांबतात आणि मग "दुरुस्ती बाकी आहे, रीस्टार्ट करा" असा संदेश पुन्हा पुन्हा येतो. बंद पडलेलं विंडोज कुठे आहे ते सांगायला शेवटचे दोन भाग लागतात. टक्का एकाच आकड्यावर बराच वेळ थांबला तरी हात लावू नका. कारखानदारांचा लॅपटॉप याच टप्प्यावर उठला.

विंडोज सुरू झालं की काम पुरं झालं असं समजू नका. इंटरनेट जोडा, कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि ही आज्ञा द्या:

डी-आय-एस-एम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ

ती संपली की नुसतं एस-एफ-सी /स्कॅननाऊ पुन्हा एकदा चालवा.

एवढं करूनही विंडोज उठलं नाही, तर 'रीसेट धिस पीसी'मध्ये 'कीप माय फाइल्स' निवडा. फाइली राहतात, टॅलीसारखी सॉफ्टवेअर परत टाकावी लागतात. दुरुस्तीचा पडदाच येत नसेल, तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने किमान ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर विंडोज तयार करा, त्यावरून लॅपटॉप सुरू करा आणि 'रिपेअर युअर कॉम्प्युटर' निवडा.

आता बॅटरीकडे बघा, नाहीतर पुढच्या वेळी लाईट गेली की हेच पुन्हा होईल. विंडोज सुरू झाल्यावर त्यातल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट टाईप करा. अहवालाची फाइल कुठे ठेवलीय ते खिडकीतच लिहून येतं. ती ब्राउझरमध्ये उघडली की बॅटरीची मूळ क्षमता आणि आताची क्षमता एकाखाली एक दिसतात. आताचा आकडा मुळाच्या निम्म्याखाली गेला असेल, तर मी बॅटरी बदलायला सांगतो. कारखानदारांच्या लॅपटॉपला नवी बॅटरी बसली ती त्याच आठवड्यात, आणि अपडेट आता ते रात्री न लावता दुपारी समोर बसून करतात.